एकोणनव्वद नंबरचा चष्मा

भिंगकाकांना सभांचा तिटकारा होता. आयुष्यात त्यांनी एवढी एकच चैन केली असेल, की जिथे चारपेक्षा जास्त माणसं एकदम बोलतात तिथे ते पाऊल टाकत नसत. एकेचाळीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासल्या. पुढे मालक गिऱ्हाइकाला आरसा दाखवायचा आणि गोड बोलायचा. मागे काका, पाण्याची बारीक धार आणि गरगरणारं चाक. गिऱ्हाईक मालकाचे आभार मानून जाई. काकांना त्याचं काही वाटत नसे, असं ते म्हणत. काकूंच्या मते वाटत असे आणि चांगलंच वाटत असे.

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चष्म्याकडे बघायची त्यांना खोड होती. काकू सांगत, "मला बघायला आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, तुमची डावी काच तिरकी बसवलीय. माझ्या आईला वाटलं, मुलगी नापसंत. मी म्हटलं, निदान हा माणूस खोटं बोलणार नाही." हातात कुठलाही चष्मा घेऊन काका खिडकीच्या गजाकडे धरत, किंचित हलवत, आणि गज कुठल्या बाजूला किती सरकतो त्यावरून नंबर सांगत. यंत्राने मोजलं तर पाव नंबराचाही फरक निघत नसे. अडनिडा नंबर घासला की तो एका निळ्या वहीत लिहून ठेवायचा, हाही त्यांचाच शिरस्ता. आणि एक गोष्ट ते नेहमी सांगत: ज्या गिऱ्हाइकाला नीट दिसायला लागतं ते चष्म्याच्या काडीची तक्रार करतं, नाकावर वळ उठतो म्हणतं. ज्याला दिसत नाही ते भिडेपोटी "छान आहे हो" म्हणून निघून जातं. म्हणून "छान आहे" ऐकलं की काकांच्या कपाळाला आठ्या पडत.

तर असा हा माणूस एका सभामय मंडळाच्या तावडीत सापडला, त्याची ही गोष्ट.

कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टी सांभाळणारा एक पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याला सगळे भट्टीवाला म्हणत. पंचवीस वर्षांपूर्वी तो समुद्रापलीकडच्या एका कोळ्यांच्या गावातून इथे आला, तो परत गेलाच नव्हता. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो की गुरुद्वारा, चारी ठिकाणच्या माणसांच्या घरी त्याच्याच हातचा पाव जाई. त्या वर्षी समुद्र त्याच्या गावात शिरला. अर्धी घरं गेली, होड्या गेल्या, जाळी फाटली. भट्टीवाल्याने सुट्टीसुद्धा घेतली नाही. पीठ मळता मळता रडत होता. इमामसाहेब सकाळी पाव घ्यायला आले, त्यांनी पाहिलं. त्यांनी फादरना सांगितलं, फादरनी देवळातल्या गुरुजींना, गुरुजींनी गुरुद्वाऱ्यातल्या ग्यानीजींना, आणि संध्याकाळपर्यंत सर्वधर्म मदत मंडळ शाळेच्या जुन्या हॉलमध्ये जमलं. इथवर सगळं छानच होतं.

मग कपडे आले. हॉलच्या अर्ध्या भिंतीएवढा ढीग. त्यात लग्नातले जरीचे कोट, एका पायाचा बूट, लोकरीची टोपडी. ज्या गावात घामाने अंगाला मीठ फुटतं तिथे लोकरीची टोपडी! तेवढ्यात भट्टीवाल्याच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. ती त्या गावात शाळामास्तरीण होती. तिने लिहिलं होतं: कपडे पुष्कळ आले, आता नकोत. चष्मे पाठवा. इथे जाळी दुरुस्त करणारे सगळे चाळिशीच्या पुढचे. पाण्यात सगळ्यांचे चष्मे गेले. सूत आहे, हात आहेत, पण गाठ दिसत नाही. जाळी नाहीत म्हणून होड्या असलेलेही घरी बसलेत.

भट्टीवाला ते पत्र घेऊन काकांकडे आला. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "ही बाई शहाणी आहे."

पुढचे दोन महिने काकांच्या गॅलरीतलं जुनं चाक फिरत राहिलं. शाळामास्तरणीला त्यांनी भट्टीवाल्याला मध्ये घालून फोनवर युक्ती सांगितली. दोऱ्याला चार-चार बोटांवर गाठी मारायच्या. दोऱ्याचं टोक माणसाच्या गालाच्या हाडावर धरायचं. शेजारणीने सुई हातात घेऊन हळूहळू लांब न्यायची, आणि सुईचं भोक स्वच्छ दिसलं की थांबून गाठी मोजायच्या. वय आणि गाठी लिहून पाठवायच्या. बाईने दोनशे बारा माणसांची यादी पाठवली. काकांनी प्रत्येकापुढे नंबर काढला. घरोघरचे जुने चष्मे, दुकानाच्या माळ्यावर पडून असलेल्या फ्रेमा, सगळं गोळा केलं. दोनशे बारा चष्मे तयार झाले. प्रत्येकाच्या काडीला काकूंनी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर ठळक अक्षरात यादीतला आकडा लिहिला. बस्स, एवढंच. बाकी सगळं यादीत होतंच.

यादीत एकोणनव्वद नंबरला लिहिलं होतं: जाळी दुरुस्त करणारी, वय एक्याऐंशी. गाठींच्या रकान्यात लिहिलं होतं: सुई दिसत नाही, माझा हातही दिसत नाही.

ही शाळामास्तरणीची, म्हणजे भट्टीवाल्याची आई. फार वर्षांपूर्वी तिचं जुन्या पद्धतीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यातलं भिंग काढलं, त्या जागी दुसरं बसवलं नाही. असल्या माणसाला जाड काचेचा चष्मा नसेल तर जग म्हणजे नुसतं धुकं. काकांनी निळी वही काढली. बावीस वर्षांपूर्वीच्या पानावर होतं: उजवा अधिक अकरा, डावा अधिक साडेबारा, भट्टीवाल्याची आई. भट्टीवाल्याने तेव्हा नंबर मागवून बनवून घेतलेला, आता पाण्यात गेलेला तो चष्माही काकांनीच घासलेला होता. एवढी जाड काच आता कोणी बनवत नाही. जुन्या ओळखी काढून काकांनी दोन काचा मिळवल्या. पहिली घासताना तडकली, तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसरी काच मिळवून तीन आठवड्यांनी चष्मा झाला. दिसायला अगदी ओबडधोबड, काळी फ्रेम, बाटलीच्या बुडासारख्या काचा. काका त्याच्याकडे नव्या नवरदेवासारखे बघत बसले होते, असं काकू सांगतात.

आता मंडळाच्या नियमांविषयी सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला.

मंडळाच्या अध्यक्ष हेडबाई. तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी घंटा त्यांच्या आतच वाजत असे. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या फलकावर कोणाचं नाव आधी, यावरून चारी ठिकाणच्या मंडळींत अशी जुंपली होती की पाच महिने कोणी कोणाच्या घरी गेलं नाही. तेव्हा हेडबाईंनी दोन नियम केले आणि मंडळ वाचवलं. पहिला, जे जाईल ते चौघांचं एकेक अशा चार सारख्या खोक्यांत जाईल, मोजून सारखं, एक कमी नाही एक जास्त नाही. दुसरा, देणाऱ्याची कोणतीही खूण वस्तूवर राहणार नाही. नियम चांगले होते. वाईट हेतूने केलेला नियम मोडता तरी येतो; चांगल्या नियमापुढे माणूस हात टेकतो.

मंडळाच्या वहीत प्रत्येक घराला एक नंबर होता. देणगी आली की त्या नंबरापुढे खूण व्हायची.

खोकी बंद करायच्या दिवशी काका यादीची प्रत पाकिटात घालून हॉलवर गेले. खोक्यात वरच ठेवायची होती ती. दारातच त्यांना टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्यांचा ढीग दिसला. काकूंचं अक्षर. प्रत्येक चिठ्ठीचा दोरा कात्रीने कापलेला.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"झालं सगळं," हेडबाई समाधानाने म्हणाल्या. "आठ जणी सकाळपासून बसल्या होत्या. एकाही चष्म्यावर घराचा नंबर ठेवला नाही बघा."

"घराचा?"

"देणाऱ्या घराचा. नियम आहे ना आपला."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, तो देणाऱ्याचा नंबर नव्हता! घेणाऱ्याचा होता!"

सगळे एकदम बोलू लागले, म्हणजे काकांना जे सहन होत नसे तेच. गुरुजी म्हणाले, आधी सांगायला हवं होतं. फादर म्हणाले, चूक कोणाची हे आता महत्त्वाचं नाही. कोणीतरी चहा मागवला. हेडबाईंचा चेहरा पडला होता, पण आवाज पडला नव्हता. "तुम्ही एका तरी सभेला आलात का, काका? तीन निरोप पाठवले."

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. काका आले नव्हते. चिठ्ठीवर सगळं आहे, सभेत बडबड कशाला, असा त्यांचा तोरा.

चारी खोकी चिकटपट्टी लावून, चौघांच्या प्रार्थना होऊन, बंद झाली होती. बंदरावर जाणारी गाडी तासाभरात येणार होती. काका म्हणाले, उघडा. मोजायला माणसं द्या. यावर चर्चा सुरू झाली. एक खोकं उघडलं तर त्याच खोक्यावर संशय घेतल्यासारखं होईल, उघडायची तर चारी उघडली पाहिजेत, चारी उघडली तर चारी प्रार्थना पुन्हा झाल्या पाहिजेत, आणि ग्यानीजी तर निघून गेले होते. काकांना डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. शेवटी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली: साधे चष्मे आहेत, गावातली माणसं सुई हातात घेऊन लावून बघतील, अदलाबदल करतील, जमवून घेतील. प्रश्न एकाचाच होता, आणि तो जाड चष्मा आंधळ्यालाही हाताला कळेल.

"किती गेले ते तरी सांगा," ते म्हणाले.

"प्रत्येकी त्रेपन्न. चोक दोनशे बारा. मी स्वतः मोजले," हेडबाई म्हणाल्या.

दोनशे बारा. बरोबर. म्हणजे एकोणनव्वद त्यात असणारच. काकांनी यादीचं पाकीट एका खोक्याच्या फटीतून आत सरकवलं आणि घरी आले. जेवले नाहीत.

सात आठवड्यांनी मंडळाची सभा भरली. पलीकडून फोटो आला होता आणि हेडबाईंनी तो मोठा करून, चौकट घालून आणला होता. काकूंनी काकांना जवळजवळ हाताला धरून नेलं. भट्टीवालाही कधी नव्हे तो दुपारी काम सोडून आला होता. बरोबर काकांसाठी गरम पावांची पिशवी. तो काकांच्या कानात म्हणाला, "आईशी बोललो. म्हणाली, सगळं स्वच्छ दिसतं, छान आहे चष्मा. तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत."

"छान आहे म्हणाली?" काकांनी विचारलं.

"हो. छान आहे म्हणाली."

काकांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात फोटोवरचं कापड निघालं आणि टाळ्या झाल्या. फोटोत दारासमोर जाळी पसरलेली होती, मागे दहा-बारा माणसं चष्मे लावून हसत होती, आणि मधोमध भट्टीवाल्याची म्हातारी आई. तिच्या नाकावर सोनेरी काड्यांचा नाजूक चष्मा होता. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. म्हातारी हसत होती, पण तिचं तोंड जरा डावीकडे वळलेलं होतं, कोणीतरी तिकडून हाक मारल्यासारखं. तिच्या मांडीवरच्या जाळ्यात सुई नुसती टोचून ठेवलेली होती.

"हा कोणाचा चष्मा?" काका उभे राहिले.

हेडबाई लाजल्या. एवढ्या वर्षांत त्यांना लाजताना कोणी पाहिलं नव्हतं. "माझाच आहे तो. एक कमी पडत होता, त्रेपन्न होईनात. म्हणून मी माझा दुसरा घातला. सांगणार नव्हते मी, पण तुम्ही ओळखलंत."

"कमी कसा पडला?"

"अहो, एक इतका जाड, इतका कुरूप होता की तो देताना आपल्यालाच लाज वाटली. आपण जे स्वतः वापरू तेच द्यावं ना? फेकवेना म्हणून ठेवला मी इथेच."

हॉलच्या कोपऱ्यात शाळेच्या नाटकाच्या सामानाची पेटी होती. काकांनी तिचं झाकण उचललं. पुठ्ठ्याच्या तलवारी, खोट्या मिशा, एक फाटका राजमुकुट, आणि त्याखाली काळ्या फ्रेमचा चष्मा. काडीला नवी चिठ्ठी बांधली होती, हेडबाईंच्या सुंदर अक्षरात: आजोबांचं काम.

काकांनी तो खिडकीच्या गजाकडे धरून हलवला. गज केवढ्याने उलटा धावला. काच शाबूत होती.

भट्टीवाला त्यांच्याजवळ येऊन उभा होता. त्याने फोटोकडे पाहिलं, काकांच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे तिला दिसत नाही?"

"नाही."

"मग म्हणाली का तसं?"

"एवढ्या लांबून कोणीतरी पाठवलंय," काका म्हणाले, "तर त्याचं मन कशाला मोडायचं."

पावांची पिशवी भट्टीवाल्याच्या हातातच राहिली.

इमामसाहेब म्हणाले, आजच्या आज पाठवा. सगळे हो म्हणाले. आणि मग, खरं सांगायचं तर इथे कोणाचाही संयम सुटला असता, मागून कोणीतरी म्हणालं की एकच वस्तू पाठवायची तर ती कोणाच्या खोक्यात धरायची? दुसरा म्हणाला, चार महिन्यांनी पुढची मदत जाणारच आहे, तिच्यात चौघांची एकेक वस्तू घालून नियमात बसवू. तिसरा म्हणाला, ठराव लिहून घ्या.

"चार महिने?" काका ओरडले. एकेचाळीस वर्षांत त्यांचा आवाज त्या चाकाच्या वर कधी गेला नव्हता. "चार महिने ती बाई दारात बसून डावीकडे बघणार, कारण तुमची बेरीज चुकते म्हणून? तुमच्या चौघांच्या देवांना दिसतंय ना सगळं? मग त्यांना काय चष्म्यांची वाटणी करून द्यायचीय? तिला द्या!" आणि मग, आवाज खाली आणून, "माझीही चूक आहे. मी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते बोलायला मला या हॉलमध्ये यायचा कंटाळा आला." चष्मा खिशात घालून ते निघाले. मागे टेबलाभोवती चर्चा चालूच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडबाई काकांच्या दारात उभ्या. हातात कापूस, पुठ्ठ्याचा डबा आणि सुतळी. रात्रभर झोपल्या नसाव्यात. "पार्सल मी बांधते," त्या म्हणाल्या. "मला बांधता येतं."

काकांनी त्यांना आत घेतलं, पण मऊ काही बोलले नाहीत. "बाई, तुम्ही वाईट नाही," ते म्हणाले. "वाईट असतात तर मी तुमच्याशी भांडून मोकळा झालो असतो. आता हा राग कुठे ठेवू?"

हेडबाईंनी मान खाली घालून सुतळीची गाठ मारली. पोस्टातल्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, पाठवणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय घेता येणार नाही. हेडबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेन घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण केलेल्या चष्म्याच्या पार्सलवर आपलं नाव लिहिलं.

तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. काढायचा की नाही यावर दोन सभा झाल्या, निर्णय व्हायचा आहे.

तीन आठवड्यांनी भट्टी विझल्यावर भट्टीवाल्याने काकांना बेकरीत बोलावलं. काका पिठाच्या गोणीवर बसले. फोन लागला. पलीकडे शाळामास्तरणीने फोन हातभर लांब धरला होता. पडद्यावर काळा चष्मा, आणि त्यामागे दोन डोळे, काचेत मोठे झालेले, सरळ समोर बघणारे. म्हातारीने पडद्यावर बोट टेकवलं. मग तिने मुलीला काहीतरी विचारलं आणि भट्टीवाला हसता हसता तोंड झाकून रडायला लागला.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"म्हणते, हा कोण म्हातारा? बहीण म्हणाली, तुझा मुलगा. तर म्हणते, माझ्या मुलाचे केस काळे होते."

काका तोंड फिरवून रिकाम्या तव्यांकडे बघत राहिले. पलीकडून म्हातारी पुन्हा बोलू लागली, आता जरा चिडून, उजव्या हाताने कान चाचपत. भट्टीवाला ऐकत होता आणि त्याचा चेहरा ओशाळत होता.

"सांग की," काका म्हणाले.

"काका, राग नका मानू. म्हणते, उजव्या कानामागे काडी टोचते. अशी कशी केली म्हणून विचारतेय."

काकांनी खिशातून रुमाल काढून आधी आपला चष्मा पुसला, मग डोळे पुसले, आणि मग पुन्हा चष्मा.

"तिला म्हणावं, काडी गरम पाण्यात बुडव," ते म्हणाले, "आणि मऊ झाली की जराशी बाहेर वाकव. जराशीच."